बिनवजनाचा गळ : फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या नदीवर ते जमतं का?

दिवाळीच्या आसपास नदीचं पाणी निवळतं. गढूळपणा खाली बसतो, डोहाच्या तळातले गोटे दिसायला लागतात आणि पुलावर पोरांची गर्दी होते. यंदा आमच्या पुलावर पोरं नदीपेक्षा मोबाईलमध्येच जास्त बघत होती. व्हिडिओत कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला एक परदेशी माणूस, हातात लांब काठी, डोक्यावरून पिवळी दोरी मागे-पुढे झुलवतोय. दोरी हवेत इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळते, अलगद पाण्यावर पडते, आणि पुढच्या क्षणाला मासा. एका पोरानं विचारलं, “काका, ह्याला शिसं कुठंय? गळ एवढ्या लांब जातो कसा?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर कळलं की फ्लाय फिशिंग अर्धं कळलं.

आपला नेहमीचा गळ, कोणी गरी म्हणतं, कसा टाकतात? गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, वर शिशाचा तुकडा. झोका दिला की शिशाचं वजन पुढे जातं आणि मागची दोरी ओढत नेतं. दोरी हलकी, टोक जड. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं असतं. टोकाला जो गळ असतो तो पिसं आणि दोरा गुंडाळून माशी, अळी किंवा छोट्या मासोळीसारखा केलेला असतो. त्यालाच फ्लाय म्हणतात. त्याचं वजन गव्हाच्या फोलपटाएवढं. तो भिरकावून बघा, हातभर सुद्धा जाणार नाही. म्हणून इथं दोरीच जाड आणि जड केलेली असते. आपण गळ फेकत नाही, दोरी फेकतो, आणि गळ तिच्या मागं जातो.

ज्यांनी बैलांवर आसूड उगारलाय किंवा पोतराजाचा आसूड जवळून पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आसुडाच्या टोकाला वजन नसतं, तरी मुठीतला जोर लाट होऊन टोकापर्यंत पोचतो. फरक एवढाच की आसूड कडाडला पाहिजे आणि ही दोरी कडाडता कामा नये. मागे ‘टप्प’ असा आवाज आला तर समजायचं की घाई झाली, आणि बहुतेक वेळा टोकाची माशी तुटून गेलेली असते. माझ्या पहिल्या आठवड्यात अशा अकरा माश्या गेल्या. बाराव्या माशीनं माझाच कान धरला, ते पुढे सांगतो.

हे साहेबांचं खूळ नाही

हा खेळ गोऱ्या साहेबांचा, असं आपल्याला वाटतं. इंग्रजांनी तो वाढवला हे खरं, पण त्याची पहिली लिखित नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. साधारण १८०० वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या नदीवरच्या लोकांबद्दल लिहून ठेवलं. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या तुऱ्याखालची दोन पिसं बांधत. काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. म्हणजे लोकर, कोंबडा आणि काठी. यातलं काय आपल्या गावात मिळत नाही?

जपानमध्ये डोंगरातल्या ओढ्यांवर ‘तेंकारा’ म्हणून पद्धत आहे. तिथं रीळच नाही. अकरा-बारा फुटांची बारीक लवचिक काठी, तिच्या टोकालाच बांधलेली दोरी, आणि दोरीला एक माशी. बस्स. तिथले डोंगरातले लोक पोटासाठी अशी मासेमारी करत, हौस म्हणून नंतर ती जगभर गेली. चिव्याची किंवा मेसाची बारीक, सरळ, टोकाला वाकणारी काठी सावलीत नीट वाळवली तर तेंकाराच्या बऱ्याच जवळ जाते. दुकानातला फ्लायचा स्वस्त संच घ्यायचा म्हटलं तरी मामला हजारांत जातो, म्हणून शिकायला काठीच बरी असं माझं मत आहे. विकत घेणारे घेतीलच. त्यांनी एवढं बघावं की रॉडवर नंबर असतो. आपल्याकडच्या लहान-मध्यम माशांना नऊ फुटांचा पाच-सहा नंबर पुरतो, मोठ्या महसीरला आठ नंबर लागतो. दोरीचा नंबर रॉडच्या नंबरशी जुळलाच पाहिजे, नाहीतर काठी वाकतच नाही आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

जाड दोरी आणि माशी यांच्यामध्ये साधारण नऊ फुटांची, टोकाकडे बारीक होत जाणारी नायलॉनची दोरी बांधतात. जाड दोरी पाण्यावर दिसते, मासा बिचकतो. ही बारीक दोरी दिसत नाही.

खळ्यावर शिका, नदीवर नको

शिकायला पाणी लागत नाही. सुगी झाल्यावरचं मोकळं खळं किंवा सुट्टीतलं शाळेचं मैदान चालतं. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. अंगठा मुठीच्या वर, कोपर अंगाजवळ. दोरी समोर सरळ जमिनीवर ठेवून सुरुवात करायची. काठी हळू उचलायला लागायची, वेग वाढवत न्यायचा आणि काठी डोक्याच्या जरा मागे गेली की एकदम थांबवायची. घड्याळाचा काटा एकवर असतो तेवढीच मागे. थांबवलं की दोरीची घडी होते आणि ती मागे उलगडत जाते.

आता थांबा. सगळं कसब या थांबण्यात आहे. मागची दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत हात हलवायचा नाही. नवा माणूस हमखास इथंच घाई करतो. मान वळवून मागे बघितलं तरी चालेल, कोणी हसणार नाही. दोरी सरळ झाली की तसाच वेग वाढवत काठी पुढे आणायची आणि दहाच्या काट्यावर पुन्हा एकदम थांबवायची. दोरी पुढे उलगडते आणि लोकर अलगद टेकते. ताकद लागत नाही. आमच्याकडे तालमीतल्या एका गड्याला पंधरा दिवस जमलं नाही आणि त्याच्या दहा वर्षांच्या भाचीला दुसऱ्या संध्याकाळी जमलं, कारण ती जोर लावत नव्हती.

पण आपल्या नद्यांचे काठ मैदानासारखे नसतात. मागे करंज, उंबर, बाभळ. मागे दोरी सोडली की झाडात. अशा जागी दुसरी तऱ्हा वापरतात. दोरी पाण्यावरच ठेवून काठी सावकाश मागे आणायची, कानाजवळ थांबायचं, दोरी काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंत पोटासारखी लोंबू द्यायची आणि मग काठी पुढे ढकलून झटकन थांबवायची. पाणी दोरीचं टोक धरून ठेवतं आणि बाकीची दोरी चटईसारखी पुढे उलगडते. हे मात्र खळ्यावर नीट होत नाही, त्याला पाणी पाहिजे.

कानाची गोष्ट अशी. वारा उजवीकडून होता, काठी उजव्या हातात, डोक्याला टोपी नाही. माशी थेट कानाच्या पाळीत. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो त्यामुळे गळ मागे निघत नाही आणि तालुक्याला जाऊन काढून घ्यावा लागला. तेव्हापासून मी पकडीनं तो उलटा काटा दाबून सपाट करतो. टोपी आणि चष्मा हवाच. डोळा एकदाच मिळतो.

मासा काय बघतो

नदीतला गोटा उचलून उलटा करा. खाली चिकटलेले बारीक किडे, चपट्या अळ्या, वाळूच्या कणांची घरं करून राहणारे जीव दिसतील. बघून झालं की गोटा होता तसा ठेवा. माशाचं रोजचं जेवण हेच. काही किडे पाण्याखाली वाहत जातात, काहींना पंख फुटून ते वर येतात. म्हणून काही माश्या तरंगणाऱ्या करतात, काही बुडणाऱ्या, आणि मोठ्या माशासाठी मासोळीसारख्या लांबट. बांधायला गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस, शिलाईचा दोरा, थोडी लोकर आणि बकऱ्याचे केस पुरतात. ज्या ओढ्यात गोट्याखाली काहीच सापडत नाही, तिथं गळ टाकण्यात अर्थ नाही. तिथं वरून काय सोडलं जातंय ते आधी बघावं.

मासा धारेत उभा राहत नाही, दमतो. तो धारेच्या कडेला, खडकाच्या आडोशाला, डोहाच्या तोंडाशी उभा राहतो आणि धारेतून वाहून येणारं अन्न टिपतो. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासतं ती फेसाची रेघ बघा. माशी त्या रेघेच्या वरच्या अंगाला टाकून वाहत येऊ द्यायची. इथं एक बारीक गोम आहे. मधली धार जोरात असली की ती दोरीला ओढते, दोरी माशीला ओढते, आणि माशी पाण्यापेक्षा वेगानं रेघ काढत पळते. खरा किडा असा पळत नाही, मासा तोंड फिरवतो. म्हणून दोरी पडल्या पडल्या काठीच्या टोकानं तिचं पोट उचलून वरच्या बाजूला टाकायचं. दोन-चार सेकंद जास्त मिळतात, आणि मासा त्याच सेकंदांत लागतो.

आपल्याकडे शिकायला सगळ्यात सोपी म्हणजे चिलापी. काठाजवळ असते, छोटी बुडती माशी हळूहळू ओढली की घेते. मरळ गवताच्या, कमळाच्या कडेला असते. तिला बेडकासारखं वर डुबुकडुबुक करणारं काही दिलं की असा फटका मारते की काठी हातातून जायची वेळ येते. पिल्लं सांभाळणारी मरळ मात्र सोडून द्या. पाण्यावर पिल्लांचा झुबका फिरताना दिसला की खाली आई-बाप असतात, आणि ते गेले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. रोहू-कटला माशीला क्वचितच लागतात, त्यांच्या नादी लागू नये.

आणि महसीर. खडशी, खडस, जागोजागी नाव वेगळं. शास्त्रातलं तिचं नाव ‘टॉर खुद्री’. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नाव त्याला दिलं. म्हणजे जगभरचे लोक ज्या माशासाठी विमानानं येतात त्याचं नाव आपल्या बोलीतलं आहे. महसीर उंबराखाली पडलेली उंबरं खाते, खेकडे खाते, मासोळ्या खाते. लांबट माशी धारेतून आडवी ओढली की येते. तिनं ओढ दिली की काठी वर उचलायची नाही, हातातली दोरी सरळ मागे खेचायची. काठी उचलली की गळ तोंडातून निसटतो. नंतर ती जी धाव घेते ती थांबवता येत नाही, दोरी सोडत राहावं लागतं.

सोडायचा कशाला?

पुलावर हा प्रश्न सगळे विचारतात. एवढी खटपट करून धरला आणि परत पाण्यात? डोकं फिरलंय काय?

याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांचं घर मासेमारीवर चालतं त्या भोई बांधवांना हौशी माणसानं मासा सोडण्याचं ज्ञान शिकवू नये. चिलापी तर मुळात आफ्रिकेतली, आपल्या पाण्यात भरमसाट वाढलेली. ती धरा आणि खा, खुशाल खा. पण महसीरचा हिशेब वेगळा आहे. ती हळू वाढते, पावसाळ्यात वर चढून गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालते, आणि उन्हाळ्यात उरलेल्या एखाद-दोन डोहांत सगळी गोळा होते. तिथंच तिचा घात होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या डोहात रात्री कोणीतरी ब्लिचिंग पावडर ओतली. सकाळी हातभर लांबीच्या महसीरपासून बोटाएवढ्या पिल्लांपर्यंत सगळे पांढरे पोट वर करून होते. मोठे पोत्यात गेले. पिल्लं तशीच सडली आणि तेच पाणी खाली गुरं प्यायली. विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. त्या डोहात आजही मोठा मासा नाही.

उलट बाजू बघा. महाड तालुक्यात काळ नदीवरचा वाळण कोंड, वाडा तालुक्यात वैतरणेवरचं तिळसे, इंद्रायणीवरचं देहू. तिथं देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, आणि लोक मासे बघायला येतात. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरीच्या बाजूला मासे धरून सोडण्याचे कॅम्प चालत, तेव्हा पूर्वी चोरून मासे मारणारेच राखणदार आणि वाटाडे झाले होते. पुढे अभयारण्यातली मासेमारी बंद झाली आणि ते कॅम्पही थांबले. जिवंत मासा गावाला रोज मिळवून देतो, हे तिथं काही वर्षं तरी लोकांनी पाहिलं.

कावेरीची आणखी एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे, आणि ती थोडी कडू आहे. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात. टाटांचं ते केंद्र देशभर नावाजलेलं आहे. तिथली पिल्लं चांगल्या हेतूनं कावेरीतही सोडली गेली. ती तिथं फोफावली. पण कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मात्र घटत गेला, आणि २०१८ साली तो अतिधोक्यातल्या जातींच्या यादीत आला. त्यामागे इतरही कारणं आहेत, पण बाहेरून सोडलेला मासा हे एक मोठं कारण असं संशोधक सांगतात. १९४६ साली कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे जवळपास ५४ किलोचा महसीर त्याच कुबडवाल्या जातीचा. तेव्हा ‘आमच्या तळ्यात कुठून तरी आणून महसीर सोडू’ असं कोणी ग्रामसभेत सुचवलं तर आधी मत्स्य विभागाला विचारा.

सोडायचाच तर नीट सोडा. हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतो. कल्ल्यात बोट घालून लटकवू नका. फोटो काढायचाच तर मासा पाण्याबाहेर काढताना आपला श्वास रोखून धरा. आपण कासावीस झालो की तोही झालेला असतो. मग तोंड धारेकडे करून पोटाखाली हात ठेवून धरायचा आणि तो स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत थांबायचं. ढकलून द्यायचा नाही. मे महिन्यात दुपारी आटलेल्या डोहात हा खेळ खेळूच नये. कोमट पाण्यात हवा कमी असते, दमलेला मासा सोडला तरी मरतो.

कुठं जायचं, कधी जायचं

जवळचं आधी. आपल्याकडे दसऱ्यानंतर पाणी निवळलं की आणि पुन्हा फेब्रुवारीनंतर सकाळ-संध्याकाळ चांगली. बहुतेक तलाव-धरणं मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. संस्थेच्या चेअरमनना भेटा, जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारा, चिठ्ठी घ्या. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणं बंद आहे, हौस म्हणून सुद्धा. मुंबईकडे कोणी नातेवाईक असेल तर पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, तिथं बसून बघण्यासारखं असतं.

व्हिडिओतला ठिपक्यांचा ट्राउट मासा मात्र आपल्याकडे मिळणार नाही, त्याला बर्फाचं गार पाणी लागतं. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली गेली आणि पुढच्या दहा वर्षांत तो कुलूकडेही पोचला. आज हिमाचलात तीर्थन आणि सैंज नदी, बरोटजवळची ऊहल, काश्मिरात पहलगामची लिद्दर, या त्याच्या जागा. कुलू-मनालीला फिरायला जाणाऱ्यांनी एक दिवस तीर्थनसाठी काढावा. गावातल्याच घरांत राहायची सोय होते, मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो आणि वाटाडे मिळतात. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बहुतेक वेळा नुसता डोंगर बघून परत. मोठ्या हिमालयी महसीरसाठी लोक उत्तराखंडात पंचेश्वरला जातात, जिथं सरयू कालीला मिळते.

जाण्याआधी तीन गोष्टी घरच्यांना पण सांगून ठेवा. धरणाखालच्या नदीत भोंगा वाजला की सामान गोळा करत बसायचं नाही, आधी काठ गाठायचा. शेवाळलेल्या खडकावर रबरी चप्पल घालून चढायचं नाही. आणि दुकानातला रॉड कार्बनचा असतो, त्यातून वीज वाहते. आपल्या नदीकाठाला शेतीपंपांच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्हाला माहीत आहे. नऊ फुटांचा रॉड आणि वर उगारलेला हात मिळून सोळा-सतरा फूट होतात. तार दिसली की दुसरी जागा धरा, ढग गडगडले की रॉड जमिनीवर आडवा ठेवून लांब व्हा. ओली काठी सुद्धा तारेखाली फिरवायची नाही.

पुलावरच्या त्या पोरानं आता चिव्याची काठी तोडून आणली आहे. सावलीत वाळायला टांगली आहे, आणि खळ्यावर लाल लोकर आतापासूनच झुलते आहे.